ऑब्री फॉकनरच्या आकड्यांतलं मॅटचं किती आणि त्याचं स्वतःचं किती?

स्कोअरबुक
अष्टपैलूंची चर्चा निघाली की सोबर्स, मिलर, इम्रान, कपिल, कॅलिस आणि आता जडेजा एवढ्यावर गाडी थांबते. दक्षिण आफ्रिकेच्या जॉर्ज ऑब्री फॉकनरचं नाव क्वचितच निघतं. २५ कसोटी, १७५४ धावा, सरासरी ४०.७९, चार शतकं. गोलंदाजीत ८२ बळी, सरासरी २६.५८. फलंदाजीची सरासरी चाळिशीच्या वर आणि गोलंदाजीची तिशीच्या आत, हे गणित भल्याभल्यांना जमलेलं नाही. मिलरची फलंदाजीची सरासरी ३६.९७, इम्रानची ३७.६९. सोबर्सची गोलंदाजी ३४च्या पुढे.

जन्म १७ डिसेंबर १८८१, पोर्ट एलिझाबेथ. पहिली कसोटी जानेवारी १९०६, शेवटची १९२४. मधे पहिलं महायुद्ध, त्यात तोफखान्यात अधिकारी, डीएसओ हे शौर्यपदक.

त्याच्याविरुद्ध एक आक्षेप नेहमी येतो: तेव्हा दक्षिण आफ्रिकेत मॅटवर, म्हणजे टणक मातीवर अंथरलेल्या काथ्याच्या पट्टीवर, क्रिकेट चालायचं आणि मॅटवर गुगली (कृती लेगब्रेकची, वळण उलटं) टाकणाऱ्याला रान मोकळं असतं, त्यामुळे हे आकडे फुगलेले आहेत. मला हा आक्षेप अर्धाच खरा वाटतो. जाणकारांनी लिहावं.

तिसरी_स्लिप
धागा काढल्याबद्दल आभार. वाचनखूण साठवली.

मॅट_आणि_खिळे
आक्षेप तपासायचा तर आधी मॅट म्हणजे काय ते बघू, कारण 'मॅटवर चेंडू वळतो' हे वाक्य सगळेच म्हणतात पण कधी वळतो ते कोणी सांगत नाही.

खाली मुरूम किंवा लाल माती चोपून, पाणी मारून, रोलर फिरवून टणक केलेली. तिच्यावर काथ्याची किंवा तागाची मॅट. खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. मॅट साधारण ८ फूट रुंद. आधी एका टोकाचे खिळे ठोकायचे, मग दुसऱ्या टोकाला चारसहा जणांनी मिळून ओढायची, आणि ओढलेली असतानाच त्या टोकाचे खिळे. कडेचे सगळ्यात शेवटी, दोन्ही बाजूंनी समोरासमोर ठोकत जायचं. एकाच कडेने ठोकत गेलं की मॅट तिरकी होते आणि मधे सुरकुती राहते. त्या सुरकुतीवर टप्पा पडला की चेंडू कुठे जाईल ते कुणाच्याच हातात नसतं.

मॅट कचकचीत ताणलेली असेल तर चेंडू वेगाने आणि सरळ येतो, उसळी उंच पण भरवशाची. असल्या मॅटवर फलंदाजाची चैन. मॅट सैल असेल तर टप्पा पडताना ती किंचित दबते, काथ्या शिवणीला धरतो, चेंडू थांबून वळतो. दुपारनंतर खिळे ढिले होतात, म्हणून एकाच दिवसात दोन वेगळ्या खेळपट्ट्या मिळतात. आणि काथ्या चेंडूची लकाकी लवकर घालवतो, त्यामुळे वेगवान गोलंदाजाची नवलाई थोडीच षटकं टिकते. जोहान्सबर्गला नव्या चेंडूवरसुद्धा फिरकीला हात घालावासा वाटायचा तो यामुळे.

आपल्याकडेही जिल्ह्याजिल्ह्यांतली मैदानं कित्येक वर्षं मॅटवरच चालली, त्यामुळे हे वर्णन बऱ्याच जणांना ओळखीचं वाटेल. मॅटवर शिकलेला पोरगा टर्फवर, म्हणजे गवती खेळपट्टीवर, गेला की पहिल्यांदा फसतो तो उसळीला. पुल मारायला जातो आणि चेंडू गुडघ्यालाच राहतो.

पुणे३०
मॅट ओढणाऱ्या चारसहा जणांत कर्णधार कधीच नसतो, एवढी भर घालतो. बाकी सगळं अचूक.

गल्लीतला_लेगस्पिनर
मॅटचं झालं, आता गुगलीचं. फॉकनर एकटा नव्हता, ती चौकडी होती: रेजी श्वार्झ, बर्ट व्होगलर, गॉर्डन व्हाइट आणि फॉकनर.

गुगली जन्माला घातली इंग्लंडच्या बोझांकेटने. टेबलावर चेंडू उसळवून पलीकडच्याला चकवायचा एक घरगुती खेळ होता, त्यातून त्याला ती सुचली. श्वार्झ जन्माने इंग्रज, मिडलसेक्सला बोझांकेटच्या बरोबरचा. तो दक्षिण आफ्रिकेत गेला, १९०४च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ही विद्या मैदानात वापरली आणि बाकीच्या तिघांनी त्याचं बघून उचलली. गंमत अशी की श्वार्झला लेगब्रेक (उजव्या फलंदाजापासून बाहेर वळणारा चेंडू) टाकताच येत नसे. कृती लेगब्रेकची, चेंडू मात्र दरवेळी आत. फॉकनर आणि व्होगलर दोन्ही टाकत, म्हणून ते जास्त धोकादायक.

हाताचं काम असं. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवी, दोघांत थोडी फट. अनामिका वाकवून शिवणीला लावलेली. खरा रेटा हीच देते. अंगठा नुसता टेकलेला, त्याने दाबायचं नाही. पकड तिन्ही चेंडूंना तीच, बदलतं ते मनगट. चेंडू सुटताना फलंदाजाला तळव्याची बाजू दिसली तर लेगब्रेक. मनगट आणखी आत फिरून हाताची कड दिसली तर टॉपस्पिन, चेंडू सरळ जातो आणि उसळतो. त्याहून आत फिरून हाताची पाठ दिसली की गुगली, चेंडू करंगळीच्या वरून सुटतो आणि उजव्या फलंदाजाच्या आत येतो.

शिकताना २२ यार्डांवरून सुरुवात करायची नाही. १० ते १२ पावलांवरून, धाव न घेता, अर्धा रंगवलेला चेंडू हातात घेऊन. रंगाचा पट्टा स्थिर दिसला तर फिरकी स्वच्छ, डगमगला तर बोटांनी आणि मनगटाने वेगवेगळ्या वेळी काम केलंय.

बिघडतं कुठे? पहिलं, डावा खांदा आधीच पडतो. मनगट आत वळवायची घाई असते म्हणून शरीर उघडतं आणि चेंडू लेगस्टंपच्या बाहेर जातो. दुसरं, हात कानाला लागेल इतका उभा होतो, चेंडू उंच जातो, आणि फलंदाजाला हात बघायचीही गरज राहत नाही, नुसत्या उंचीवरून कळतं. तिसरं, टप्पा आखूड. मनगट उशिरा सुटलं की चेंडू अर्ध्यातच पडतो. चौथं सगळ्यात वाईट, त्याबद्दल पुढे कोणी विचारलं तर लिहितो.

रानजाई
विचारते. चौथं काय?

गल्लीतला_लेगस्पिनर
@रानजाई, लेगब्रेकच हरवतो. मनगटाला आत वळायची सवय लागली की ते आपणहून परतत नाही. लेगब्रेक म्हणून टाकलेला चेंडू सरळ जायला लागतो, आणि काही आठवड्यांत हातात नुसती गुगली उरते. गोलंदाजाला हे उशिरा समजतं, कारण सुरुवातीला गुगलीवर बळी मिळतच असतात. उपाय कंटाळवाणा आहे: गुगली पूर्ण बंद, आणि जवळून, मनगट मुद्दाम बाहेरच्या बाजूला उलगडत फक्त मोठा लेगब्रेक. सवय परत बसली की दोन षटकांत एखादी गुगली, त्याहून जास्त नाही.

याचं फॉकनरशी थेट नातं आहे. पुढे इंग्लंडकडून खेळलेला इयन पीबल्स हा त्याचाच शिष्य, आणि त्याचा लेगब्रेक असाच गेला.

तोफखाना
पीबल्सकडे येऊच, पण मधली वर्षं कोणी ओलांडून जाऊ नये. धाग्याचा निम्मा विषय तिथे आहे.

१९१४ला युद्ध लागलं तेव्हा फॉकनर ३२ वर्षांचा होता आणि इंग्लंडमध्ये राहत होता. तो रॉयल फील्ड आर्टिलरीत गेला. आधी फ्रान्स-बेल्जियमची पश्चिम आघाडी, मग मॅसेडोनिया, मग इजिप्त-पॅलेस्टाइन. मेजर हुद्दा, डीएसओ आणि इजिप्तचं ऑर्डर ऑफ द नाइल.

फील्ड आर्टिलरीतला मेजर म्हणजे साधारणपणे एका बॅटरीचा प्रमुख. त्याच्या हाताखाली सहा तोफा, दोनशेच्या आसपास माणसं आणि जवळपास तितकेच घोडे. मुख्य तोफ १८ पौंडी. व्यास ८४ मिमी, गोळा सुमारे साडेआठ किलोचा, ओढायला सहा घोडे, मारा साधारण सहा किलोमीटर. श्रॅपनेलच्या गोळ्यात शिशाच्या सुमारे ३७५ गोळ्या भरलेल्या असत, आणि फ्यूजची वेळ सेकंदाच्या अंशाने चुकली तरी गोळा एकतर जमिनीत शिरायचा नाहीतर डोक्यावर फार उंच फुटायचा.

नेम धरायची रीत 'ब्रॅकेट'ची. निरीक्षक पुढे टेकडीवर किंवा खंदकात, तोफा मागे, मधे टेलिफोनची तार. पहिला गोळा मुद्दाम लांब, दुसरा मुद्दाम जवळ, लक्ष्य दोघांच्या मधे आलं की अंतर निम्मं करायचं, परत निम्मं, परत निम्मं. हे करताना समोरून गोळे येत असतात आणि तार दर थोड्या वेळाने तुटत असते. बॅटरीच्या प्रमुखाचं कसब कशात, तर घाई न करता ही निम्मं करण्याची शिस्त पाळण्यात. पुढे त्याच्या क्रिकेटशाळेत प्रत्येक चूक सुटी करून एकेक दुरुस्त करायची जी पद्धत होती, तिच्या मागे मला ही सवय दिसते. हे माझं अनुमान, पण पटण्यासारखं आहे.

वैद्यबुवा
मॅसेडोनियाबद्दल एक जोडतो, कारण त्याच्या उरलेल्या आयुष्यावर त्याची सावली आहे. सालोनिका आघाडीवर, खास करून स्ट्रुमा नदीच्या खोऱ्यात, ब्रिटिश फौजेला शत्रूपेक्षा मलेरियाने जास्त झोपवलं. जखमींपेक्षा तापाचे रुग्ण कितीतरी पट. फॉकनरलाही तिथल्या दिवसांत मलेरिया झाला.

तिथे दोन्ही जाती होत्या: जीवघेणा फाल्सिपेरम आणि परत परत उलटणारा व्हायवॅक्स. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात सुप्त राहतात. क्विनाइन रक्तातले जंतू मारतं, यकृतातल्यांना हात लावत नाही. म्हणून माणूस बरा होतो, महिन्यांनी थंडी वाजून परत ताप येतो, प्लीहा वाढते, अंगात रक्त राहत नाही. यकृतातल्या जंतूंवर चालणारं औषध त्या वेळी अस्तित्वातच नव्हतं. १९१९ला तो ३७ वर्षांचा होता. अशा शरीराने १५-२० षटकं मनगटी फिरकी टाकणं म्हणजे काय, ते डॉक्टरला विचारा.

रानजाई
@वैद्यबुवा, हे माहीत नव्हतं. यानंतर १९२१ला ईस्टबोर्नला ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध त्याने केलेल्या धावा वेगळ्याच वाटतात.

नाइटवॉचमन
@तोफखाना, पॅलेस्टाइन आघाडीवर आपली माणसंही होतीच. १९१८ला मेसोपोटेमियातून तिकडे आलेल्या लाहोर डिव्हिजनमध्ये १०५ मराठा लाइट इन्फन्ट्री होती. ब्रिटिश तोफखान्याच्या माऱ्यामागून भारतीय पायदळ पुढे सरकायचं, ही त्या मोहिमेतली रोजची गोष्ट.

आणि चौकडीतला गॉर्डन व्हाइट त्याच मोहिमेत गेला. केप कोअर या दक्षिण आफ्रिकी पलटणीत होता, सप्टेंबर १९१८च्या हल्ल्यात जखमी झाला आणि १७ ऑक्टोबरला वारला. गाझाच्या युद्धस्मशानात त्याची कबर आहे.

तिसरी_स्लिप
श्वार्झची तऱ्हा आणखी चटका लावणारी. किंग्ज रॉयल रायफल कोअरमध्ये मेजर, मिलिटरी क्रॉस, अख्खं युद्ध निभावून नेलं. ११ नोव्हेंबरला तोफा थांबल्या आणि १८ नोव्हेंबर १९१८ला एटाप्लच्या छावणीत इन्फ्लुएन्झाने गेला. चौघांतले दोघे एका महिन्याच्या अंतराने संपले. हा इंग्लंडकडून रग्बीही खेळलेला.

पुणे३०
हे वाचून काही सुचत नाही. दोघांनाही नमस्कार.

स्कोअरबुक
याच संदर्भात हेडिंग्ले १९०७ नोंदवतो. २९ ते ३१ जुलै, ओली खेळपट्टी. दक्षिण आफ्रिका ११०. इंग्लंड सर्वबाद ७६, त्यात फॉकनरचे १७ धावांत ६ बळी. हे मॅटवर नव्हे, इंग्लंडच्या गवतावर! तरी सामना इंग्लंडनेच ५३ धावांनी जिंकला, कारण पलीकडून केंटचा डावखुरा कॉलिन ब्लाइद होता: ५९ धावांत ८, मग ४० धावांत ७. एका सामन्यात ९९ धावांत १५ बळी.

ब्लाइद अपस्माराचा रुग्ण होता, तरी १९१४ला सैन्यात गेला. ८ नोव्हेंबर १९१७ला पाशेंडेलजवळ लष्करी रेल्वेमार्गाच्या कामावर असताना तोफगोळ्याने गेला. १९ कसोटींत बरोबर १०० बळी, सरासरी १८.६३. व्हायोलिन फार उत्तम वाजवायचा. त्या दिवशी हेडिंग्लेला एका टोकाला पुढचा तोफखान्याचा मेजर आणि दुसऱ्या टोकाला पुढे गोळ्यालाच बळी पडणारा सार्जंट.

सीमारेषा
सगळं छान चाललंय, पण मूळ आक्षेप बाजूला राहतोय, आणि मी आक्षेपाच्या बाजूचा आहे. १७५४ पैकी १२७७ धावा फक्त दोन मालिकांतल्या आहेत: १९०९-१०च्या इंग्लंडविरुद्धच्या ५४५ आणि १९१०-११च्या ऑस्ट्रेलियातल्या ७३२. म्हणजे जवळजवळ पाऊण कारकीर्द दहा कसोटींत. उरलेल्या १५ कसोटींत पाचशेसुद्धा नाहीत. एवढ्यावर सोबर्सच्या पंक्तीला बसवायचं?

शिवाय १९०९-१० घरच्या मॅटवर. जोहान्सबर्गच्या पहिल्या कसोटीत ७८ आणि १२३ धावा, शिवाय आठ बळी, आणि दक्षिण आफ्रिका १९ धावांनी विजयी. कामगिरी अफाट, यात वाद नाही. पण मॅट ती मॅटच.

मॅट_आणि_खिळे
@सीमारेषा, मुद्दा रास्त आहे, पण हिशेब पुरा करू.

२५ पैकी घरी, म्हणजे मॅटवर, दहा कसोटी: १९०५-०६ आणि १९०९-१०च्या. बाहेर, टर्फवर, पंधरा. चार शतकांपैकी मॅटवर एकच, ते १२३. बाकी तिन्ही टर्फवर: मेलबर्नला २०४, अॅडलेडला ११५, मँचेस्टरला नाबाद १२२. त्यामुळे फलंदाजीबाबत मॅटचा आक्षेप टिकतच नाही. सातत्याचा आक्षेप घ्या, तो टिकेल.

गोलंदाजीत मालिकावार बळी असे: १९०५-०६ १४, १९०७ १२, १९०९-१० २९, १९१०-११ १०, १९१२ १७, १९२४ शून्य. मॅटवर दहा कसोटींत ४३, टर्फवर पंधरा कसोटींत ३९. इथे मॅटचा वाटा उघड दिसतो. पण इंग्लंडच्या ओलसर गवतावरही तो चालला. ओव्हलला १९१२ला ८४ धावांत ७ बळी, त्याच्या कसोटी कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी, तीही टर्फवरच. तो फसला तो ऑस्ट्रेलियाच्या कडक, चकचकीत खेळपट्ट्यांवर. तिथे दहा बळींना प्रत्येकी ५० हून जास्त धावा मोजाव्या लागल्या.

कारण सरळ आहे. मॅट चेंडूला धरते, ओलं गवत थोडं धरतं, ऑस्ट्रेलियाची भाजलेली काळी माती धरतच नाही. तिथे वळण कमी, उसळी एकसारखी, आणि फलंदाज मागे जाऊन टप्प्यानंतर चेंडू वाचू शकतो.

गल्लीतला_लेगस्पिनर
आणि समोर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज व्हिक्टर ट्रंपर होता हे विसरू नका. त्या मालिकेत त्याने ६६१ धावा केल्या, सरासरी ९४. गुगली हातातून वाचली नाही तर टप्प्यावर पोचून मारायची, ही त्याची रीत. असा फलंदाज समोर असला की गोलंदाज टप्पा आखूड करतो, आणि आखूड गुगली म्हणजे चौकारच.

सीमारेषा
@मॅट_आणि_खिळे, शतकांचा हिशेब मान्य. मी मॅटचा शब्द मागे घेतो, सातत्याचा ठेवतो. १९१२च्या तिरंगी मालिकेत नाबाद १२२ नंतर कसोटीत त्याच्या बॅटमधून फारसं काही आलं नाही.

तिसरी_स्लिप
पण ते नाबाद १२२ कधी आले ते बघा. तो सामना क्रिकेटप्रेमींना ठाऊक असतो तो ऑस्ट्रेलियाच्या जिमी मॅथ्यूजमुळे. २८ मे १९१२, ओल्ड ट्रॅफर्ड, एकाच दिवशी दोन्ही डावांत हॅटट्रिक. पहिल्या हॅटट्रिकने दक्षिण आफ्रिकेचा डाव २६५ वर संपला, आणि त्या २६५ मधले १२२ फॉकनरचे, नाबाद. एका बाजूला माणूस उभाच आहे आणि समोरचे तीन लागोपाठ जाताहेत. लक्षात राहिला मॅथ्यूज.

रानजाई
त्याची बॅटिंग दिसायला कशी होती?

स्कोअरबुक
@रानजाई, देखणी नव्हती. भक्कम होती. मागच्या पायावर, उशिरा खेळणारा, बचावाला अभेद्य, आणि लेगच्या बाजूला ताकदवान. चेंडू शरीराच्या जवळ येईपर्यंत थांबणं हा त्याच्या खेळाचा कणा, आणि गुगली खेळण्याचाही तोच मंत्र. नेटमध्ये रोज समोरून व्होगलर आणि श्वार्झ टाकत असल्यावर तो मंत्र अंगात मुरतोच.

मेलबर्नच्या २०४ बद्दल: दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजाचं ते पहिलं कसोटी द्विशतक. संघाच्या ५०६ धावा झाल्या, आणि दुसऱ्या डावात सगळे मिळून ८०. ८९ धावांनी पराभव. मग अॅडलेडला ५६ आणि ११५, आणि दक्षिण आफ्रिकेचा ऑस्ट्रेलियावर पहिला विजय, ३८ धावांनी. मालिका ४-१ अशी गेली, पण हरणाऱ्या संघातून एकट्याने ७३२, सरासरी ७३.२०.

पुणे३०
हरणाऱ्या संघातून ७३२! विजय हजारे आठवले. अॅडलेड १९४८, दोन्ही डावांत शतक, आणि भारत डावाने पराभूत. दैव तेच.

नाइटवॉचमन
@पुणे३०, +१. हजारेंची आठवण अगदी योग्य जागी काढलीत.

आता ईस्टबोर्न येऊ दे. वॉर्विक आर्मस्ट्राँगचा १९२१चा ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडभर अजिंक्य फिरत होता. ४९ वर्षांचा आर्ची मॅक्लॅरन म्हणाला की यांना हरवणारा संघ मी निवडून दाखवतो, आणि ऑगस्टअखेर सॅफ्रन्सच्या मैदानावर हौशी खेळाडूंचा संघ उतरवला. पहिला डाव सर्वबाद ४३. ऑस्ट्रेलिया १७४, त्यात फाल्कनचे सहा आणि फॉकनरचे चार बळी. दुसऱ्या डावात ४ बाद ६०, अजून ७१ धावांनी मागे, आणि तिथून ह्यूबर्ट अॅश्टन आणि फॉकनर यांची १५४ धावांची भागीदारी. अॅश्टन ७५. फॉकनर १५३. ऑस्ट्रेलियाला १९६ हवे होते, १६७ वर आटोपले. गिब्सनने सहा काढले, फॉकनरने दोन. २८ धावांनी विजय.

वय ३९, मागे मॅसेडोनियाचा ताप, आणि युद्धाआधीची शेवटची कसोटी नऊ वर्षं जुनी.

वैद्यबुवा
हेच म्हणत होतो.

सीमारेषा
या सामन्यापुढे माझा सातत्याचा मुद्दाही हलका वाटतो. मोठी धावसंख्या नेमकी गरज पडली तेव्हा आली. एक मात्र लिहावंच लागेल, १९२४ला त्याला परत बोलवायला नको होतं. दौऱ्यावरच्या संघाची गोलंदाजी टर्फवर चालेना, म्हणून ४२ व्या वर्षी लॉर्ड्सला उतरवलं. इंग्लंड २ बाद ५३१, हॉब्ज २११, फॉकनरला बळी नाही. मॅटवर वाढलेल्या संघाला टर्फ किती जड जातं याचा तो नमुना, पण त्या माणसाची ती शेवटची कसोटी ठरली.

गल्लीतला_लेगस्पिनर
त्याचं खरं उरलेलं काम मैदानाबाहेरचं आहे. १९२५ मध्ये लंडनजवळ रिचमंडला त्याने एका गॅरेजमध्ये घरातल्या नेटवर क्रिकेट शिकवायला सुरुवात केली, पुढे शाळा वॉलहॅम ग्रीनला हलवली. अशा स्वरूपाची ती पहिली क्रिकेटशाळा मानतात. तोवर समज असा की फलंदाज जन्मावा लागतो. फॉकनरचं म्हणणं, हालचाल तोडून बघितली की ती शिकवता येते. शिष्याला एका वेळी एकच दुरुस्ती. आधी पाय, मग डोकं, मग बॅट मागे उचलण्याची रीत. पाय चुकीचा असताना बॅटबद्दल बोलायचं नाही, कारण बॅट पायाच्या चुकीची भरपाई करत असते. ती सरळ केली की फलंदाज आणखी बिघडतो. हा क्रम आजही कुठल्याही चांगल्या प्रशिक्षकाकडे दिसेल.

डग राइट त्याच शाळेतला. पुढे इंग्लंडसाठी १०८ कसोटी बळी आणि प्रथम श्रेणीत सात हॅटट्रिक. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

आपल्याकडे ही विद्या फुलली ती सुभाष गुप्तेंच्या मनगटात. त्यांच्याकडे दोन तऱ्हेच्या गुगली होत्या, एक फलंदाजाला ओळखू द्यायची, दुसरी राखून ठेवायची. ३६ कसोटींत १४९ बळी. त्यांचा मोठा लेगब्रेक शेवटपर्यंत शाबूत राहिला, आणि वर म्हटलेला चौथा दोष टाळणं किती अवघड असतं ते माहीत असलेल्याला त्याची किंमत कळते.

रानजाई
फॉकनरचा शेवट कसा झाला?

स्कोअरबुक
@रानजाई, १० सप्टेंबर १९३०ला, त्याच शाळेच्या जागेत, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. ४८ वर्षांचा होता. शाळेत दिवसदिवस राबायचा, फी कमी ठेवायचा, हाती पैसा उरत नव्हता, आणि मन खचलेलं होतं. युद्धावरून परतलेल्यांच्या मनावरच्या जखमांना तेव्हा नीट नावही नव्हतं, औषध तर दूरच.

वैद्यबुवा
वारंवार उलटणाऱ्या तापाने शरीराबरोबर मनही पोखरलं जातं, हे आता आपल्याला माहीत आहे. कोणी जवळचं असं गप्प गप्प झालं तर विचारावं, सोबत बसावं, डॉक्टरकडे न्यावं.

मॅट_आणि_खिळे
पीबल्सचं राहिलं. फॉकनरच्या शेवटच्या उन्हाळ्यातली ती गोष्ट आहे ना?

गल्लीतला_लेगस्पिनर
हो. जुलै १९३०, ओल्ड ट्रॅफर्ड, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया चौथी कसोटी. ब्रॅडमनने त्या मालिकेत आधीच लॉर्ड्सला २५४ आणि हेडिंग्लेला ३३४ केलेले. इयन पीबल्स २२ वर्षांचा. ब्रॅडमन आल्या आल्या त्याच्या गुगलीवर चाचपडला, आणि १४ वर असताना एक लेगब्रेक टप्पा पडून बाहेर गेला. जो हरवला म्हणून गुरुशिष्य दोघांनी डोकं फोडलं होतं, तोच लेगब्रेक. बॅटची कड लागली, स्लिपमध्ये झेल. धावफलकावर ब्रॅडमन झे. दुलीपसिंहजी गो. पीबल्स १४. फॉकनरला तेव्हा आणखी सहा आठवडे होते.